क्योतोची ताई आमच्या पडवीत

मी जपानी शिकले ती पोटासाठी. लोट्याच्या एमआयडीसीत एका कारखान्यात जपानी यंत्रं आली, यंत्रांबरोबर जपानी इंजिनियर आले, आणि त्यांचं म्हणणं आपल्या फिटरांना आणि फिटरांचं म्हणणं त्यांना सांगायला कुणीतरी हवं होतं. चार वर्षं मी ते काम केलं. त्यामुळे व्हॉल्व्ह, गॅस्केट, गळती आणि 'उद्या नक्की होईल' हे सगळं मला जपानीत झोपेतून उठवलं तरी सांगता येतं. नाचगाण्याचे आणि रेशमाचे शब्द मात्र मला एका गेशाने शिकवले. दहा दिवस ती आमच्या घरी राहिली होती.

ती त्यातल्याच एका इंजिनियरची मावशी. हा गडी कामात वाघ, पण जेवायला बसला की घरच्या आठवणीने व्याकूळ व्हायचा. फोनमधले फोटो दाखवायचा. त्यात एकदा रेशमी किमोनो घातलेली, चेहरा पांढराशुभ्र रंगवलेली बाई दिसली. मी विचारलं तर म्हणाला, "माझी सख्खी मावशी. क्योतोत गेशा आहे." जसं आपण म्हणू, मावशी चिपळूणला नर्स आहे.

तो परत गेला आणि मावशीला आमच्या समुद्राचं आणि आंब्याचं इतकं वर्णन करून बसला की दोन वर्षांनी तिचा मला मेसेज आला. कोरोनात त्यांच्या बैठकी बंद पडल्या होत्या. पंधराव्या वर्षी कामाला लागलेली बाई सक्तीने घरी बसली, आणि बसल्या बसल्या तिने ठरवलं, सगळं सुरू झालं की आधी थोडं जग बघायचं. 'तुमचा समुद्र बघायचा आहे. हॉटेल नको. घर चालेल,' असं तिने लिहिलं होतं. आंब्याच्या दिवसांत ये म्हटलं, तर एप्रिलभर त्यांचे वसंताचे नाच असतात, एकही सुट्टी नाही. म्हणून ती फेब्रुवारीच्या शेवटी आली. झाडांना नुसता मोहोर.

माझा नवरा बोटीवर असतो. घरात मी आणि सासूबाई, ज्यांना मी आई म्हणते. त्यांना विचारल्याशिवाय पाहुणी बोलावणं शक्यच नव्हतं.

"काय करते ती?" आईंनी विचारलं. त्या लसूण सोलत होत्या.

"गाते, नाचते, वाद्य वाजवते. बैठकीत."

लसूण थांबली. "बैठकीत? पुरुषांच्या?"

"हल्ली बायकाही जातात."

"पण मुख्य पुरुषांच्याच ना गो?"

मग मी सगळं समजावून सांगितलं. गेशा म्हणजे तसली बाई नव्हे. वर्षानुवर्षं नाच, गाणं, चहाचा विधी शिकतात. पाहुण्यांशी बोलायचं कसं, हसवायचं कसं, तेही शिकतात. लोकांचा उगाच घोळ होतो.

"माझा न्हाय घोळ होत," आई म्हणाल्या. "येऊ दे तिला. पण वाडीत काय सांगायचां?"

इथे मी कच खाल्ली. वाडीत मी सांगून टाकलं की जपानहून संगीताच्या शिक्षिका येणार आहेत. शिक्षिका म्हटलं की आपल्याकडे कुणी पुढे विचारत नाही.

चिपळूण स्टेशनवर मी तिला ओळखलंच नाही. फोटोतली बाई शोधत होते, आणि समोर जीन्स, टोपी आणि चष्मा लावलेली बावन्न वर्षांची एक बाई उभी. हातात एक बॅग आणि खांद्याला एक लांबट पिशवी. त्या पिशवीत तिचं शामिसेन होतं, तीन तारांचं वाद्य, दांडीचे तीन तुकडे करून ठेवलेलं. घरी पोचल्यावर आईंनी तिला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "ही कसली नाचणारी? ही तलाठी ऑफिसातली वाटते."

तिला हाक काय मारायची हा प्रश्न तिनेच सोडवला. त्यांच्यात आपल्यापेक्षा आधी या धंद्यात आलेल्या प्रत्येकीला ताई म्हणतात, मग ती चारच महिने आधी का आली असेना. "मलाही तेच म्हण," म्हणाली. मी ताई म्हणायला लागले. आई 'जपानीण' म्हणायच्या, तोंडावरसुद्धा, आणि तिच्याशी सरळ मराठीत बोलायच्या. फक्त आवाज जरा चढवून.

पहिले दोन दिवस दोघी एकमेकींना पाण्यात नसल्या तरी काठावरून बघत होत्या. मैत्री झाली ती गुडघ्यांमुळे. ताई सवयीने पडवीत गुडघ्यांवर बसली, आणि उठताना तिच्या तोंडून जो आवाज निघाला, तो आईंच्या रोजच्या ओळखीचा होता. आई उठून आत गेल्या आणि निरगुडीचं तेल घेऊन आल्या. पुढचे आठ दिवस संध्याकाळी दोघी पाय पसरून शेजारी शेजारी बसायच्या, तेल चोळायच्या आणि मी मध्ये बसून दुभाषीपणा करायची. ताईची सगळी हकिगत मी तिथेच ऐकली.

ताई पंधराव्या वर्षी, शाळा सोडून, घरच्यांशी भांडून क्योतोला गेली. टीव्हीवर एक नाच बघितला आणि डोक्यात तेच बसलं. तिथे मुली ज्या घरात राहून शिकतात, त्याची मालकीण म्हणजे 'आई'. तिच्याकडे पहिलं वर्ष नुसतं फरशी पुसणं, मोठ्या तायांच्या मागून त्यांची छत्री घेऊन चालणं, आणि गप्प राहून बघणं. मग शिकाऊ म्हणून बैठकीत जायला लागली. शिकाऊ मुलींचा अंबाडा स्वतःच्या केसांचा असतो आणि तो आठवड्यातून एकदाच बांधतात. तो मोडू नये म्हणून मानेखाली लाकडाची उंच उशी घेऊन झोपायचं. पाच वर्षं ती तशी झोपली.

"केस इतके ओढून बांधतात की इथले गेले ते गेलेच," असं म्हणून तिने मान खाली केली आणि टाळूवरचा रुपयाएवढा चट्टा दाखवला. "आता मी टोपच घालते, म्हणून कुणाला दिसत नाही."

आईंनी त्या चट्ट्यावर बोट ठेवलं. मग स्वतःचा पदर मागे सारला आणि आपली टाळू पुढे केली. तिथेही तसाच चट्टा होता. इतकी वर्षं त्या घरात राहून मी तो कधी बघितला नव्हता.

"सांग तिला," आई म्हणाल्या, "ह्यो हंड्याचा. तीस वर्षं खालच्या विहिरीवरून पाणी आणलां."

मी सांगितलं. ताईने आईंच्या टाळूला हळूच हात लावला. मग म्हणाली, "तुझ्या सासूचं शिक्षण माझ्यापेक्षा जास्त वर्षांचं."

लग्नाचं आईंनी विचारलंच. त्या विचारणार हे मला माहीत होतं. गेशाला लग्न करायचं असेल तर काम सोडावं लागतं. ताईने एकोणतिसाव्या वर्षी सोडलं होतं, एका दातांच्या डॉक्टरसाठी. तीन वर्षांनी परत आली.

"नवरा वाईट होता?" आई.

"छे, फार चांगला. पण सारखा घरी असायचा."

हे भाषांतर केल्यावर आई इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. सासरे जन्मभर बोटीवर होते, वर्षातले नऊ महिने बाहेर. "आमचो तर नसायचोच," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "तिला सांग, असण्यानसण्याचां मोजमाप कुणालाच जमत न्हाय."

आता ती मांजरीबरोबर एका छोट्या फ्लॅटमध्ये राहते. सकाळी शामिसेनचा रियाज, दुपारी नाचाचा क्लास, अजूनही, बावन्नाव्या वर्षी. संध्याकाळी दीड तास रंगरंगोटी आणि कपडे, की मग बैठक. बैठकांची बोलावणी फोनवर येतात. त्यांच्या गल्लीत पर्यटक मोबाइल घेऊन मागे धावतात, म्हणून ती कामाला जाताना टॅक्सी करते. "मी धावू शकत नाही ना," म्हणाली, "किमोनोत आठ इंचांच्या पुढे पाऊलच पडत नाही."

चौथ्या दिवशी मी तिला हेदवीला नेलं. दशभुजा गणपतीचं दर्शन घेतलं, मग समुद्रावर. भरतीची वेळ होती. खडकातल्या अरुंद घळीत लाट शिरली आणि पाणी माडाच्या उंचीचं वर उडालं. ताई किंचाळली, टोपी उडाली, आणि ती इतकी भिजली की परतताना रिक्षावाल्याने सीटवर प्लास्टिक अंथरलं. रिक्षात तिने विचारलं, "शेजारणी मला वाकून नमस्कार का करतात?"

मी खरं सांगितलं. शिक्षिका म्हणून ओळख करून दिली आहे, म्हणून.

ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "हरकत नाही. घर भाड्याने घेताना मीसुद्धा फॉर्मवर नृत्यशिक्षिका लिहिते." आणि बाहेरच्या काजूच्या बागा बघत बसली. मला वाटेत एकदाही धड मान वर करता आली नाही. मी चांगल्यासाठीच खोटं बोलले होते, असं मनाला सांगून बघितलं. ते काही पटलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी वाडीतल्या सात-आठ बायका पाहुणीला बघायला आल्या. मी कोकम सरबत केलं. त्यांच्यात आमच्या शाळेतल्या बाई होत्या. त्यांनी कौतुकाने विचारलं, "कितवीला शिकवता?"

मी तोंड उघडणार तेवढ्यात आईंनी आपला पाट पुढे सरकवला.

"ती शाळेत न्हाय शिकवत. ह्या सुनेने तुमाला थाप मारलान. ती बैठकीत गाते, नाचते, आलेल्या माणसाला हसवते. पंधराव्या वर्षापासून तेच काम करते, आणि ते करून झोपायला आपल्या घरी जाते. आणखी कायतरी विचारायचां तर माका विचारा."

ताईला शब्द कळले नव्हते, पण तिने माझ्या तोंडाकडे बघून ओळखलं असावं. माझे कान तापले होते. मग शाळेच्या बाईच म्हणाल्या, "मग आम्हाला हसवून दाखवा की."

ताईने आत जाऊन एक उलटा डबा आणि एक वाटी आणली. त्यांच्या बैठकीतला खेळ. दोघींनी समोरासमोर बसायचं, मध्ये डब्यावर वाटी. गाण्याच्या ठेक्यावर आळीपाळीने वाटीवर हात ठेवायचा. मधूनच एकीने वाटी उचलून घ्यायची. वाटी असेल तर दुसरीने पंजा टेकायचा, नसेल तर मूठ. ठेका वाढत जातो आणि चुकेल तिने दारूचा पेला प्यायचा. आमच्याकडे सरबत. ताई गायला लागली आणि एकेक बाई चुकत गेली. पंजा द्यायच्या जागी मूठ, मूठ द्यायच्या जागी पंजा. एकीने तर वाटी घेऊन डबाच पाडला. हसून हसून बायकांचे पदर ढळले. शेवटी आई बसल्या, खुर्ची ओढून, कारण गुडघे. आणि आईंनी चौतीस वर्षं व्यवसायात असलेल्या बाईला तीन वेळा हरवलं. ताई तीन पेले सरबत प्यायली, तिने कमरेतून वाकून हार मान्य केली आणि मला म्हणाली, "हिला क्योतोला घेऊन जाते."

रविवारी सकाळी एक माणूस फाटकाशी येऊन उभा राहिला. आमच्याच गावचा, लोट्याला शिफ्टवर जाणारा. कंपनीच्या बसमध्ये मी त्याला रोज बघायची. त्याची बायको त्या दुपारी आमच्याकडे आली होती. गावच्या नमनात तो वीस वर्षं राधा करतो. नमन म्हणजे शिमग्याच्या सुमारास होणारा आमच्याकडचा खेळ. गण, गवळण, मग वग. त्यातल्या बायकांची कामं पूर्वीपासून पुरुषच करत आले.

"वहिनी, ह्या म्याडमना एक विचारायचां होतां," तो चप्पल काढून पायरीवरच बसला. "मंडळ म्हणतंय, औंदा चिपळूणची मुलगी आणूया राधेला. लोकांना आता खऱ्या बायका लागतात. मला म्हणतात, तू मावशी कर." मावशी म्हणजे गवळणींबरोबरची विनोदी म्हातारी. "त्रेचाळीस झाली मला. पोट सुटलंय. मी राधा करू का सोडू?"

मी सांगितलं. "आधी बघू दे," ताई म्हणाली.

दुपारी देवळाच्या सभामंडपात तालीम होती. तो पँट-शर्टात, खांद्यावर टॉवेल घेऊन उभा राहिला. मृदुंग सुरू झाला आणि तो नाचला. मला तर छान वाटलं. ताईने मात्र पुन्हा करायला लावलं, मग तिसऱ्यांदा. मग पिशवीतून तिने रुमालाएवढा कागद काढला आणि त्याच्या दोन गुडघ्यांच्या मध्ये धरायला दिला.

"तुम्ही हातांनी बाई दाखवता," ती म्हणाली. "हात नंतर येतात. आधी गुडघे. आता चाला. कागद पडता कामा नये."

तीन पावलांत कागद पडला. मृदुंगवाल्याने ठेक्यातच खोकल्याचं सोंग करून हसू दाबलं. पुन्हा कागद, या वेळी चार पावलं. मग ताई स्वतः उठली. जीन्समध्येच, गुडघ्यात कागद धरून ती मंडपाच्या या खांबापासून त्या खांबापर्यंत गेली आणि वळून एकदा मागे बघितलं. एवढंच. मृदुंगवाला वाजवायचं विसरला. राधा करणारा गडी भिंतीला टेकून उभा होता. हलक्या आवाजात म्हणाला, "आयला, हे असं असतं काय."

ताईने मला सांगितलं, "त्याला सांग, माझ्या गुरुबाई ब्याऐंशी वर्षांच्या आहेत. गेल्या वसंतात त्यांनी सोळा वर्षांच्या मुलीचा नाच केला. पहिली दोन मिनिटं लोकांना सुरकुत्या दिसतात."

"आणि मग?" त्याने विचारलं.

"मग मुलगी दिसते. त्या दोन मिनिटांत आपण घाबरून पळायचं नाही. तेवढंच शिकायचं असतं."

तो चार दिवस रोज आला. सेकंड शिफ्ट असेल तर सकाळी, फर्स्ट असेल तर बसमधून उतरून तसाच धापा टाकत संध्याकाळी. एकदा मला म्हणाला, जेवणाच्या सुट्टीत स्टोअरच्या मागच्या बोळात सराव करतो, सुपरवायझरला वाटतं पाठ धरली आहे. ताई शिकवताना अजिबात गोड नव्हती. 'मान', 'नाही', 'पुन्हा' असे तीनच शब्द. ते तो जपानीत शिकला. तिने त्याच्याकडून गवळणीची लाजायची तऱ्हा घेतली, पदराचं टोक दातात धरून. त्यांच्यात दात दाखवत नाहीत, म्हणून तिला फार गंमत वाटली.

निघायच्या आदल्या दिवशी तिने पडवीत नाच केला. रेशमी किमोनो तिने आणला नव्हताच, साधा सुती होता. मध्यान्हीचं ऊन खाली उतरलं होतं, वाडीतल्या बायका जमल्या होत्या आणि ह्या वेळी दारात चार पुरुषही उभे होते, संकोचून. मी पुढे होऊन म्हटलं, "ह्या क्योतोच्या गेशा आहेत. चौतीस वर्षं हेच काम करतात. बसा ना." सगळे बसले. नाच अगदी लहान होता. ती हातातल्या घडीच्या पंख्याने पाऊस दाखवत होती की कुणाची वाट बघत होती ते मला नीट कळलं नाही. आई मात्र मान हलवत होत्या, जणू त्यांना सगळं समजतंय. नंतर मी विचारलं तर म्हणाल्या, "वाट बघते गो ती. वाट बघताना बाई अशीच उभी राहते."

जाताना आईंनी तिला आंबापोळीचं भलंमोठं पुडकं दिलं, निरगुडीच्या तेलाची बाटली दिली आणि बजावलं की आंबे खायचे तर एकदा ते वसंताचे नाच बुडव. ताईने गंभीरपणे विचार करते म्हणून सांगितलं. स्टेशनवर मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, "तू मला शिक्षिका केलंस, मग मला विद्यार्थी मिळाला. खोटं कुठे उरलं?" गाडी हलल्यावर मला रडू आलं, आणि ते येईल असं मला वाटलं नव्हतं.

शिमग्याला मंडळाने मधला मार्ग काढला. बाहेरगावच्या प्रयोगांना चिपळूणची मुलगी, गावच्या देवळासमोर आमचा गडी. तो नऊवारी नेसून आला तेव्हा मागून कुणीतरी ओरडलं, "राधे, पोट आत घे!" सगळे हसले. तो थांबला नाही, घाई केली नाही, लहान लहान पावलं टाकत पुढे आला आणि उभा राहिला. मी मनात मिनिटं मोजत होते, पण मध्येच मोजायचं राहून गेलं, कारण माझं लक्ष त्या राधेकडे होतं. मागचा ओरडणारा पुन्हा काही बोलला नाही. खेळ संपल्यावर चिपळूणची ती मुलगी त्याच्याजवळ गेली आणि विचारलं, "काका, ते चालणं मला शिकवाल?" तो लाजला. खरोखरचा.

मी व्हिडिओ ताईला पाठवला. दुसऱ्या दिवशी तिचं लांबलचक उत्तर आलं. तिसरी गिरकी लवकर घेतली, मान एकदा सैल पडली, डावा खांदा अजून पुरुषाचा आहे. कौतुकाचा एक शब्द नाही. मी जरा घाबरतच त्याला वाचून दाखवलं. त्याने ते माझ्याकडून कागदावर लिहून घेतलं, दोनदा वाचलं आणि घडी करून खिशात ठेवलं. म्हणाला, "वीस वर्षांत माझा नाच एवढा नीट कुणी बघितला नव्हता."

आई आणि ताई आता गुरुवारी व्हिडिओ कॉल करतात. मला बोलवत नाहीत. परवा मी कामावरून लवकर आले तर आई फोनसमोर पाय पसरून बसल्या होत्या, पलीकडे ताईही तशीच, मांडीवर मांजर. ह्या सुनेने आमटीत मीठ जास्त घातल्याचं सांगत होत्या आणि ती "हाय, हाय" करत मान डोलवत होती. तिच्या भाषेत त्याचा अर्थ 'हो, हो' असा होतो. मी चहा ठेवायला आत गेले.